गुजरी-राजारामपुरी की लक्ष्मी रोड-कॅम्प? लग्नखरेदीचे प्रश्न, नेमकी उत्तरं

लग्नाची तारीख ठरली की आपल्याकडे घरोघरी एकच चर्चा सुरू होते: बस्ता कोल्हापुरात (गुजरी, राजारामपुरी) बांधायचा की पुण्याला (लक्ष्मी रोड, कॅम्प) जायचं? या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर हाच आहे. उत्तरं देताना आम्ही एक कसोटी लावली आहे. विकत घेतल्यावर त्या दुकानाची पायरी पुन्हा किती वेळा चढावी लागणार, ते आधी बघा. माप, गाठवणं, दुरुस्ती, मोड (जुना दागिना परत देणं) असं ज्याच्या मागे लागतं ते आपल्या गावात घ्यावं. एकदा घेतलं की काम संपलं आणि भरपूर बघायला मिळणं हाच मुद्दा आहे, तिथे पुण्याची खेप वसूल होते.

प्रश्न : वैशाखात मुलीचं लग्न आहे. साज, ठुशी, पाटल्या, मंगळसूत्र मिळून पंधरा तोळ्यांच्या आसपास करायचं आहे. पुण्याचे पाहुणे म्हणतात, लक्ष्मी रोडला मजुरी कमी लागते. आपली सराफ पेठ गुजरी सोडून तिकडे जावं का? — वाचक, कागल

साज आणि ठुशीसाठी तरी जाऊ नका. सोन्याचा भाव दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो. दिवसागणिक थोडा फरक पडतो, पण २३० किलोमीटर जावं इतका नाही. फरक पडतो तो मजुरीत आणि वजन कसं धरतात त्यात. पाहुणे मजुरीचा टक्का सांगतात, वजनाचं सांगत नाहीत, आणि पैसा वजनात जातो.

साजाची पानं आणि जवमणी आतून पोकळ असतात, त्यांत लाख भरलेली असते. काही पाटल्यांतही लाख असते. मंगळसूत्रात काळे मणी असतात. हे सगळं काट्यावर चढतं, पण ते सोनं नव्हे. म्हणून बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन असे दोन वेगळे आकडे पाहिजेत. हिशेबापुरता २२ कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला १,००,००० धरू. साजाचं एकूण वजन २५ ग्रॅम, त्यात लाख दीड ग्रॅम.

पहिलं दुकान लाख वजा करतं आणि मजुरी १२ टक्के लावतं. साडेतेवीस ग्रॅमचे २,३५,००० रुपये, मजुरी २८,२००, तीन टक्के जीएसटी ७,८९६. एकूण २,७१,०९६.

दुसरं दुकान ‘मजुरी फक्त आठ टक्के’ म्हणतं आणि २५ ग्रॅम पुरे धरतं. सोनं २,५०,०००, मजुरी २०,०००, जीएसटी ८,१००. एकूण २,७८,१००.

मजुरी चार टक्क्यांनी कमी, तरी दागिना ७,००४ रुपयांनी महाग. वर मोड घालायच्या वेळी लाखेचं वजन वजा होणारच, म्हणजे तिथे दुसऱ्यांदा तोटा. हा प्रकार कुठल्या एका शहराचा नाही. गुजरीतही विचारा, लक्ष्मी रोडलाही विचारा. शब्द मात्र हेच वापरा: ‘निव्वळ वजन किती, लाख किती, मजुरी टक्क्यात की ग्रॅमवर, घट वेगळी धरता का?’ काही ठिकाणी मजुरी कमी सांगतात आणि घट, म्हणजे घडवताना वाया जाणारं सोनं, वेगळी लावतात. दोन्हींची बेरीज करूनच तुलना करायची.

२२ कॅरेटचा भाव स्वतः पडताळता येतो. त्या दिवशीच्या २४ कॅरेटच्या भावाला ०.९१६ ने गुणा. दुकानाचा भाव याहून बराच वर असेल तर कमी दिसणारी मजुरी तिथून वसूल होते आहे. तोळ्याचंही एकदा स्पष्ट करून घ्या. आता बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आजीच्या ‘पाच तोळ्यांच्या’ पाटल्या आणि आजचे पाच तोळे एक नव्हेत.

हॉलमार्कच्या तीन खुणा असतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. शिक्का भिंगातून दाखवायला सांगा आणि क्रमांक तिथेच बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका. नुसती शुद्धता बघून थांबू नका, दागिन्याचा प्रकारही वाचा. हातात साज आणि अ‍ॅपवर ‘अंगठी’ दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तू आणि कुंदन-पोलकी-जडाऊ यांना सक्तीतून सूट आहे. तिथे शुद्धता बिलावर लिहून घ्यावी लागते.

जुनं सोनं देणार असाल तर नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर जीएसटी बसतो, फरकाच्या रकमेवर नाही. त्याचा हिशेब आधी मांडा. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दुकानदाराला घेता येत नाही, आणि एकाच लग्नाच्या खरेदीची बिलं तोडून घेतल्याने तो नियम चुकत नाही.

आता गुजरीच का, ते सांगतो. ठुशीचे मणी दोऱ्यावर घट्ट गाठवलेले असतात. घाम, अत्तर, मानेवरची ओढ यांनी दोरा आधी ढिला पडतो, मग मण्यांमध्ये फट दिसायला लागते. फट दिसली की तो दागिना घालायचा नाही, लगेच गाठवून घ्यायचा. साजाची पानंही अशीच पुन्हा ओवावी लागतात. ही कामं करणारे हात गुजरीच्या आसपास आहेत आणि साजाच्या प्रत्येक पानाचा आकार त्यांच्या ओळखीचा आहे. एखादं पान चेपलं किंवा हरवलं तर त्याच घडणीचं दुसरं तिथे बनतं. पुण्यात साज मिळतो, पण दुरुस्तीला अनेकदा कारागिराकडे पाठवावा लागतो आणि तुम्हाला दोन खेपा पडतात. वैशाखाचं लग्न असेल तर माघ संपायच्या आत ऑर्डर द्या. लग्नसराईत कारागिरांकडे रांग असते आणि घाईत भरलेल्या लाखेचे मणी पुढे लवकर चेपतात.

पुणे कशासाठी? हिऱ्याचा सेट, १८ कॅरेटचे हलके रोजचे दागिने, दक्षिणी घडणीचे हार. लक्ष्मी रोडवर सोन्या मारुती चौकाच्या परिसरात आणि मोठ्या पेढ्यांत एका दिवसात जेवढे नमुने बघायला मिळतात तेवढे इथे मिळत नाहीत. हिरा घेताना प्रमाणपत्राचा क्रमांक आणि परत घेण्याची अट लेखी घ्या: हिऱ्याचे किती टक्के धरणार, सोन्याचे किती, आणि कोल्हापूरच्या शाखेत ते चालेल का. चांदीचं ताट, समई, पैंजण यांसाठी तर पुण्याचं नावच काढू नका. चांदीकामाची हुपरी आपल्या दारात आहे. चांदीला हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे, म्हणून ९२५ की त्याहून कमी ते बिलावर लिहून घ्या.

प्रश्न : शालूऐवजी पैठणी घ्यायची ठरलं आहे. महाद्वार रोडला बघितल्या, पण मन भरलं नाही. लक्ष्मी रोडला गेलो तर फसगत होणार नाही ना? — वाचक, गडहिंग्लज

जा. पैठणीला परत दुकानात जायची गरज फारशी पडत नाही आणि लक्ष्मी रोडचा साठा मोठा आहे. पैठणी येवल्याची आणि पैठणची. कोल्हापूर काय, पुणे काय, दोन्हीकडे बाहेरूनच येते.

ओळखायची कशी? पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत मोर, मुनिया, असावलीची वेल उलट बाजूनेही तेवढीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा तिथल्या तिथे गुंतवून वळवलेला असतो. यंत्रावरच्या साडीत मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. मग काठ बघा. अंग एका रंगाचं आणि काठ दुसऱ्या रंगाचा असेल तर दोन्हींचा सांधा विणीत गुंतलेला असतो, त्याला कडियल म्हणतात. तिथे नख फिरवलं की गुंतवण जाणवते. रेशमासाठी सिल्क मार्कचं लेबल बघा आणि त्यावरचा कोड तिथेच तपासा. दोन-तीन हजारांत ‘प्युअर हातमाग’ सांगत असतील तर ती पैठणी यंत्रमागावरची आहे. ती घ्यायला हरकत नाही, पण तेवढ्याच पैशांत. जरीबद्दल खरी चांदीची की टेस्टेड (तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली), हा प्रश्न तोंडी विचारायचा आणि उत्तर बिलावर मागायचं. दुकानदार लिहून द्यायला कचरला तर समजून घ्या.

साडी दुकानाच्या दिव्यात ठरवू नका. पिवळ्या प्रकाशात राणी रंग डाळिंबी दिसतो आणि घरी आल्यावर मन खट्टू होतं. दारापर्यंत नेऊन उजेडात बघा. नऊवारी नेसायची असेल तर नऊवारीच मागा, सहावारीतून शिवून घेताना काठ पुरत नाही. फॉल-पिको दुकानातच उरकायची घाई करू नका. ते झालं की कुणी साडी बदलून देत नाही. घरी चार माणसांना दाखवा, मग आपल्या गावात करून घ्या. ब्लाउज तर गडहिंग्लजलाच शिवा.

आहेराच्या साड्या मात्र पुण्यातून आणू नका. त्यासाठी कोल्हापूरजवळचा गांधीनगरचा घाऊक कापडबाजार आहे, आणि भावाच्या बाबतीत लक्ष्मी रोड त्या बाजाराच्या जवळपासही येत नाही. तिथे संख्या आधी सांगा, मग भाव विचारा. पंचवीस साड्यांचा भाव एका साडीच्या भावाने बोलू नका. गठ्ठा बांधण्याआधी प्रत्येक साडी उलगडून डाग आणि लांबी बघा.

प्रश्न : मुलाला कोरेगाव पार्कच्या बुटिकमधून शेरवानी घ्यायची आहे. घरचे म्हणतात राजारामपुरीत शिवून घे. काय करावं? — वाचक, इचलकरंजी

जरदोसी, हातभरतकाम हवं असेल तर कोरेगाव पार्क किंवा कॅम्प. साधी, अंगावर नीट बसणारी शेरवानी किंवा सूट हवा असेल तर राजारामपुरी. याला दोन कारणं आहेत.

एक म्हणजे कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांवरच्या तयार कपड्याला १८ टक्के जीएसटी आहे, कापडाला ५ टक्के. बुटिकमध्ये सांगितलेली किंमत करासहित आहे की कर वेगळा, हे आधी विचारा. २०,००० च्या शेरवानीवर कर वेगळा निघाला तर ३,६०० वर जातात. कापड घेऊन शिवलं तर शिलाईची मजुरी धरूनही बऱ्याचदा स्वस्त पडतं.

दुसरं कारण फिटिंगचं आहे आणि ते जास्त महत्त्वाचं. चांगल्या शेरवानीला निदान दोन ट्रायल लागतात. दीड महिना आधी माप द्या. पहिली ट्रायल कच्च्या शिलाईवर, दुसरी लग्नाआधी दहा-बारा दिवस. दरवेळी पुण्याला जायचं ठरवलं तर दुसरी ट्रायल हमखास गाळली जाते आणि घोटाळा तिथेच होतो. ट्रायलला लग्नात घालायचे बूट किंवा मोजडी घालूनच जा, नाहीतर चुडीदारच्या चुण्या चुकतात. आरशासमोर नुसतं उभं राहून भागत नाही. दोन्ही हात डोक्याच्या वर न्या, हार घालताना नेतात तसे. काखेत ओढ लागली किंवा पाठीवर आडवी घडी उठली तर मुंढा लहान आहे. तो तेव्हाच सोडवून घ्या, इस्त्री करून कपडा हातात आल्यावर तो सुटत नाही. मग खाली बसून बघा, कारण विधीचा बराचसा वेळ पाटावरच जातो. शिवणीत दीड इंच माया (जास्तीचं कापड) ठेवायला सांगा. केळवणं सुरू झाली की कंबर वाढते, आणि माया नसेल तर शिंप्यालाही काही करता येत नाही.

दोन पीसच्या सुटाला ५८ इंची पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड घ्या. उंची सहा फुटांच्या वर असेल तर साडेतीन. कापड पुण्यात लक्ष्मी रोडला घेऊन शिलाई राजारामपुरीत, हा मधला मार्ग चांगला आहे. शिवायला टाकण्याआधी शिंप्याला कापड आटतं का ते विचारा. आटत असेल तर आधी पाण्यातून किंवा वाफेतून काढायला सांगा.

प्रश्न : मी कोथरूडला राहतो. पुण्यात मॉलमध्येही ‘कोल्हापुरी’ मिळतात आणि महाग असतात. त्या घ्याव्यात की गावाकडून मागवाव्यात? — वाचक, पुणे

गावी याल तेव्हा पाय सोबत घेऊन या, मागवू नका. कोल्हापुरी अंदाजाने घेण्याची वस्तू नाही. नवी चप्पल जरा घट्टच हवी, कातडं पायाप्रमाणे सैलावतं. पण घट्टपणा पट्ट्यावर हवा. अंगठा टोकाला टेकत असेल तर ती लहान आहे आणि सैलावून कधीच बसणार नाही. दुपारनंतर घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो.

खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची असते. तळ आणि कान कातडी वादीने शिवलेले असतात, खिळा नसतो. चप्पल उलटी करून तळाची कड बघा: कातड्याचे थर दिसले पाहिजेत. मॉलमधल्या पुष्कळ जोडांत वरून कातडं आणि खाली रबर किंवा पुठ्ठा असतो. तळावर पाण्याचा एक थेंब टाका. कातड्यात तो मुरतो आणि डाग गडद होतो, रेग्झीनवरून घसरून जातो. वास घेतला तरी कळतं, रासायनिक उग्रपणा नसतो.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. म्हणजे पुण्यात विकली जाणारी चप्पल अस्सल असू शकते, फक्त ती कुठे बनली हे विचारायचं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानला याच घाटाच्या चपला दाखवल्या, त्यानंतर ‘डिझायनर कोल्हापुरी’ म्हणून बरंच काही विकलं जातं. कापशी, पुकरी, बक्कलनाळी, कचकडी ही कोल्हापुरीच्या प्रकारांची नावं घेऊन बघा. विक्रेत्याला फरक सांगता आला नाही तर पुढे चला.

कोल्हापुरात चप्पल लाईनला निवड होते. पाय रुंद असेल किंवा दोन पायांच्या मापात फरक असेल तर सुभाषनगर-जवाहरनगर भागात कारागिराकडून मापाची करून घ्या. कागदावर दोन्ही पावलं उभ्याने आखून द्या. नव्या चपलेला आतून-बाहेरून एरंडेल किंवा खोबरेल हलक्या हाताने लावून रात्रभर ठेवा, पहिले काही दिवस तास-दोन तासच घाला. पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेल्या कातड्याला भेगा पडतात आणि वादी तुटते.

प्रश्न : पुण्याची खरेदी एका दिवसात होते का? — वाचक, राधानगरी

होते, पण दोनच कामं ठरवून. पैठणी आणि हिरा म्हटलं तर दिवस संपला. राधानगरीहून पहाटे निघून कोल्हापूर सहाला सोडा. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे चार टोलनाके लागतात, फास्टॅगमध्ये पैसे बघून ठेवा. गाडी लक्ष्मी रोडवर नेण्याचा विचार सोडा. रस्ता एकेरी आहे, गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि उचलली गेली तर सोडवण्यातच दोन तास जातात. स्वारगेटला उतरा आणि मेट्रोने मंडईला या, एकच स्टेशन आहे. सप्टेंबर २०२४ पासून हा भुयारी मार्ग सुरू आहे. मंडईपासून तुळशीबाग आणि लक्ष्मी रोड चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एसटीने आलात तरी स्वारगेटलाच उतरता, म्हणून हेच सोयीचं.

कोल्हापूर-पुणे वंदे भारत आठवड्यातून मोजके दिवस धावते आणि तिने त्याच दिवशी परत येता येत नाही. मुक्काम असेल तरच तिचा विचार करा. दागिना शेवटी घ्या आणि घेतला की थेट परतीला लागा, तुळशीबागेच्या गर्दीत त्याची पिशवी घेऊन फिरू नका. गणेशोत्सवाचे दिवस टाळा. तसंच नवरात्रात कोल्हापूरची खरेदी काढू नका. अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीने महाद्वार रोड आणि गुजरी दोन्ही भरलेले असतात, आणि दुकानदारालाही तुम्हाला वेळ देता येत नाही.

प्रश्न : आम्हाला कोल्हापूरपेक्षा सांगली जवळ. तिथे काही कमी पडेल का? — वाचक, जयसिंगपूर

साजासाठी कोल्हापूरला या, बाकी काही कमी पडणार नाही. सांगलीची सराफी जुनी आहे, गाडगीळांची पेढी तिथे १८३२ मध्ये सुरू झाली. कपड्यांसाठी कापड पेठ तुमच्या रोजच्या ओळखीची आहे, आणि ओळखीच्या दुकानात साडी घरी नेऊन दाखवून परत आणता येते. तेवढी सवलत पुण्यात तुम्हाला कुणी देणार नाही.

प्रश्न : जावयाला चांगल्या ब्रँडचं घड्याळ द्यायचं आहे. कोल्हापूर की पुणे? — वाचक, शिरोळ

त्या ब्रँडचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे का, ते आधी कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. असेल तर इथेच घ्या. नसेल तर पुण्यात कॅम्पला किंवा विमाननगरच्या फिनिक्स मॉलमध्ये अधिकृत दालनातून घ्या. वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का आणि घड्याळाच्या मागच्या झाकणावरचा क्रमांक तिथेच भरून घ्या. कार्डावरचा क्रमांक आणि झाकणावरचा क्रमांक एकच आहे ना, ते डब्यात ठेवण्याआधी स्वतः वाचा. पट्ट्याच्या कड्या मनगटाप्रमाणे काढाव्या लागतात. जावई सोबत नसतील तर त्या काढू नका, लग्नानंतर त्यांच्या मनगटावर बघून काढून घ्या आणि काढलेल्या कड्या डब्यातच ठेवा.